पुढची खोली

बुकिटिंगीतल्या आमच्या गल्लीत सकाळी खिरीच्या रांगेत रोस्मा आणि तिची धाकटी बहीण देस्नी माझ्या पुढेच उभ्या होत्या. कानात बोळे घालायची मला सवय नाही.

"ताई, पुढची खोली रिकामी कर. लग्न लागलं की शुक्रवारी जावई आपल्याकडे राहायला येतोय."

"आणि मी कुठे जाऊ? चुलीपाशी?"

"नव्या नवरीला पुढची खोली, ही रीतच आहे. तुझे तिघेही मुलगे बायकांच्या घरी नांदायला गेले."

"मुलगी नाही म्हणून हिणवतेस?"

"हिणवू कशाला? तुझे लेक लांबून रोज फोन करून विचारतात, आई, जेवलीस का? माझ्या पोरी घरात असून ढुंकून बघत नाहीत."

रोस्माच्या पिशवीत फोन वाजायला लागला.

"ताई, उचल ना!"

"वाजू दे. खोली घेतलीस ना? आता हे ऐक जरा."