अक्षर चांगलं म्हणून

आमी मूळचे आटपाडीकडचे, धनगर, आज्यापातूर मेंढरं घेऊन हिंडायचे, वडलांनी मेंढरं इकून डाळिंब लावली, आन् आयटीआयला गेलेली घरातली पयली मी, ती बी फ्रीज-एसी दुरुस्तीच्या ट्रेडला. आई म्हणली, गावात शिवणक्लास हाय की. मी म्हणलं, शिवण सगळ्याच शिकत्यात.

कराडात खोली घेतली. वर्गात चोवीस पोरं आन् मी. काय सांगू तुमाला, कुणी वाईट बोललं न्हाई, बोललंच न्हाई कुणी. ह्ये काम जोडीनं करायचं, एकानं नळी धरायची, दुसऱ्यानं पाना फिरवायचा. बारा जोड्या पडल्या, मी उरले. सर म्हणले, तुझं अक्षर चांगलं हाय, तू सगळ्यांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या लिही. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं तवा, वही मागायला तरी कोण बाकापाशी यायचं. दोन वर्सं पोरं एसी खोलत व्हती आन् मी लिहीत व्हते. ह्याला शिकवणं म्हणत्यात व्हय? न्हाई म्हणत, ह्ये तुमी तसंच लिवा.

परीक्षेला बाहेरचे साहेब आले. तांब्याच्या नळीचं तोंड फुलवायचं आन् नटानं आवळून जोडायचं, एवढंच काम. नट आधी ओवायचा, न्हाईतर फुललेल्या तोंडावरनं तो जातच न्हाई, ह्ये मी पंचवीस वह्यांत लिहिलंय. आन् मी तोंड फुलवलं, झ्याक फुलवलं, बघती तर नट टेबलावरच. मागनं एक जण म्हणला, वहीत बघ की गं. सगळी हसली. दोन वर्सांत कुणी माझी थट्टा केली ती तेवढीच.

सर साहेबांना म्हणले, पोरगी हुशार हाय, वह्या बघा, पास करून टाकू. साहेबांनी मला इचारलं, तुझं काय म्हणणं? मी म्हणलं, नगा करू, मला येत न्हाई.

आता परत परीक्षेला बसणार हाय. माझ्या बॅचची पोरं गेली, कोण पुण्याला, कोण उंब्रजात दुकानावर, फोन कुणाचाच न्हाई. आई म्हणती, पास करत व्हते तर गप बसायचं. औंदा ह्या ट्रेडला दोन पोरी आल्यात, चांगलं होवो त्यांचं, त्यांच्या हातात आधी पाना द्या, पेन नगं, असं सरांना तोंडावर सांगितलंय. तवापासनं सर कामापुरतं बोलत्यात, पर दुपारी वर्कशॉप उघडून देत्यात. नळी धरायला कोण न्हाई म्हणून व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळती, एकटीच जोडती, दाबानं हवा भरून जोडाला साबणाचं पाणी लावती. गळत असलं की बुडबुडा येतो. लय दिस यायचा. काल एका जोडाला आला न्हाई. दाखवावं कुणाला म्हणून दारापातूर गेले, आवारात कोणच नव्हतं. मग आत आले आन् दुसरी नळी कापाय घेतली.