दम धर

शिक्षक : थांब. पुन्हा त्याच जागी तुटलं.

विद्यार्थिनी : मी थांबवलं नाही, सर. आपोआप थांबलं.

शिक्षक : आपोआप काहीही थांबत नसतं. घड्याळसुद्धा किल्ली संपली म्हणूनच थांबतं. ही एवढी लांब ओळ सुरुवातीला इतकी सुंदर चालते, आणि मधल्या त्या स्वरावर आली की अशी कोसळते, जणू कोणी तिथे खड्डा खणून ठेवला आहे.

विद्यार्थिनी : खड्डाच आहे. तिथे आले की डोळ्यांपुढे अंधारी येते.

शिक्षक : रीड काढ. नुसती रीड फुंकून दाखव. हं. ऐकलंस? ओबो म्हणजे शेवटी विलायती सनईच; त्याची ही पत्ती, रीड, एकटी फुंकली तर कावळ्यासारखी ओरडायला हवी. हा तुझा कावळा जन्माचा उपाशी दिसतो.

विद्यार्थिनी : ही तुम्हीच तासून दिलीय. सोमवारी.

शिक्षक : दाखव बघू. हो, माझाच दोरा आहे. मग रीड उत्तम आहे. दोष अन्यत्र शोधावा लागेल.

विद्यार्थिनी : आता कशाला शोधायचा, सर? तास संपला की प्रमुख मॅडम येणार. ओबो स्टोअरमध्ये जमा, आणि मी संगीताच्या इतिहासाच्या वर्गात. तिथे सगळे बसूनच असतात म्हणे. चक्कर आली तरी पडायची भीती नाही.

शिक्षक : थट्टा नको. मी संतप्त आहे.

विद्यार्थिनी : दिसतंय. तुम्ही चिडलात की पुस्तकासारखं बोलता.

शिक्षक : आणि तू चिडलीस की अजिबात बोलत नाहीस, ते काय कमी क्लेशदायक आहे? तुझी बोटं चांगली, कान त्याहून चांगला. पहिल्या वर्षी तू सूर दिलास, तेव्हा सगळा वाद्यवृंद त्यावर एका झटक्यात जुळला होता. मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, चला, मिळाली. आणि दुसऱ्या वर्षात तुझं हे असं काय झालं, ते मला उलगडत नाही. सराव करतेस ना?

विद्यार्थिनी : रोज. मावशीकडे राहते, बाथरूममध्ये दार लावून वाजवते. मावशी म्हणते, बदकावर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. शेजारचे काका तर विचारून गेले, नळ दुरुस्त करायचा आहे का.

शिक्षक : आणि बाथरूममध्येही ओळ तिथेच तुटते?

विद्यार्थिनी : तिथेच. तिथे निदान बादलीवर बसता येतं.

शिक्षक : पुन्हा वाजव. सावकाश. घाई कुठे होते ते मी पाहतो. हं... हं... बरोबर. इथे पळायला लागलीस बघ. दम धर. अगं, दम धर. दम... गेलं. पुन्हा गेलं. बस खाली. पाणी पी.

विद्यार्थिनी : मी सोडते, सर. खरंच. तुमचाही जीव जातोय आणि माझाही. माझा तर अक्षरशः.

शिक्षक : सोडण्याची भाषा माझ्यापुढे करू नकोस. इकडे बघ. ही ओळ मी वाजवतो, माझ्या वाद्यावर. तू स्वर ऐकू नकोस, फक्त माझ्याकडे पाहा. पाहिलंस? आता सांग, काय दिसलं?

विद्यार्थिनी : खांदे खाली होते. कोपरं सैल होती. आणि मध्ये, त्या खड्ड्याच्या आधी, तुमच्याकडून चूक झाली. पण ऐकू आली नाही.

शिक्षक : माझ्याकडून चूक? कोणती?

विद्यार्थिनी : ओठ जरासे उघडले आणि हवा बाहेर गेली. मग थोडी आत घेतलीत. चुकून ना?

शिक्षक : चुकून कशी? ती टाकावीच लागते. ओबोच्या रीडचं भोक सुईच्या नाकाएवढं असतं, त्यातून कितीशी हवा जाणार? फ्लूट वाजवणाऱ्याची हवा संपते. आपली संपत नाही, आत साचून शिळी होते. ती शिळी हवा आधी बाहेर टाकली नाही, तर ताजी घ्यायला जागाच राहत नाही आणि माणूस भरल्या पोटी उपाशी मरतो. हे तर मी तुला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

विद्यार्थिनी : शिकवलं होतं. पहिल्या वर्षी.

शिक्षक : मग?

विद्यार्थिनी : दुसऱ्या वर्षापासून तुम्ही उलटं सांगायला लागलात. मला वाटलं, तो पुढचा धडा आहे.

शिक्षक : उलटं? मी?

विद्यार्थिनी : बरोबर त्याच जागी. दर वेळी. आत्तासुद्धा सांगितलंत. दम धर.

शिक्षक : अर्थातच सांगितलं. तू पळत होतीस.

विद्यार्थिनी : मग मी धरला.

शिक्षक : काय धरलास?

विद्यार्थिनी : दम.

शिक्षक : ...म्हणजे श्वास?

विद्यार्थिनी : दुसरं काय धरणार, सर? हातात तर ओबो असतो.

शिक्षक : अगं, दम धर म्हणजे धीर धर. घाई करू नकोस. आपल्या भाषेत लहान मुलाला कळतं हे.

विद्यार्थिनी : घरी आई म्हणते तेव्हा मलाही कळतं. ती दम धर म्हणाली की मी जेवणाच्या टेबलाशी गप्प बसते. पण या खोलीत आल्यापासून तुम्ही दुसऱ्या कशाबद्दल बोलला आहात का? दम किती घ्यायचा, दम कुठे मोडायचा, दम पुरतो की नाही, दम पोटातून आला पाहिजे. त्यात एक दम निराळा असेल, हे मला कसं कळावं?

शिक्षक : तू विचारलं का नाहीस?

विद्यार्थिनी : विचारलं होतं. सर, चक्कर येते, म्हणाले होते.

शिक्षक : मी काय म्हणालो?

विद्यार्थिनी : ओबोवाल्यांना सुरुवातीला येतेच, म्हणालात. दम धर.

शिक्षक : ती खिडकी उघड जरा. नाही, मीच उघडतो.

विद्यार्थिनी : सर, तुम्ही बसा. तुमचा चेहरा माझ्यासारखा झालाय.

विभागप्रमुख : येऊ का आत? झालं असेल तर वाद्य पेटीत ठेवा. रीडच्या डबीसकट. स्टोअरचा माणूस किल्ली घेऊन खाली थांबलाय.

शिक्षक : मॅडम, निर्णय स्थगित ठेवावा लागेल.

विभागप्रमुख : कशासाठी? सर, सकाळी माझ्या टेबलासमोर उभं राहून तुम्हीच बोललात. मी नाही बोलले. मुलगी गुणी आहे, पण तिच्यात दम नाही, हे तुमचे शब्द.

विद्यार्थिनी : असं म्हणालात?

शिक्षक : म्हणालो.

विद्यार्थिनी : बरं.

शिक्षक : मॅडम, ते विधान मी मागे घेतो. वस्तुस्थिती त्याच्या नेमकी विरुद्ध आहे. तिच्यात दम जास्त झालेला आहे.

विभागप्रमुख : सकाळी नव्हता आणि आता जास्त झाला? मधल्या वेळात तिला काय खायला घातलंत? मला वर कळवायचं आहे, सर. वाद्य एकच आहे आणि पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी त्यासाठी ताटकळलाय. मी काय सांगू? शिक्षकांनी मराठी सुधारली?

शिक्षक : हसण्यावारी नेऊ नका, पण जवळजवळ तसंच झालं आहे. मी धीर धर म्हणत होतो, ती श्वास धरत होती. वर्षभर. माझ्याच सांगण्यावरून ती गुदमरत वाजवत आली, आणि मी तिला दुबळी ठरवलं.

विभागप्रमुख : हे खरं आहे, बाळ?

विद्यार्थिनी : खरं आहे. पण मॅडम, श्वास टाकला तरी जमेल की नाही, ते मला माहीत नाही. वर्षभराची सवय आहे. मी खोटं नाही सांगणार.

विभागप्रमुख : मग वाजवून दाखव. उभी आहे मी.

(ती वाजविते. ओळीच्या मध्यावर ‘फुस्स’ असा मोठा आवाज होतो. पुढील स्वर थरथरतो, किंचित खाली उतरतो. परंतु ओळ शेवटापर्यंत जाते.)

विभागप्रमुख : हे चांगलं झालं का? मला तर सायकलचं चाक पंक्चर झाल्यासारखं ऐकू आलं.

शिक्षक : पंक्चर झालं, तरीही ती घरी पोचली. याआधी एकदाही पोचली नव्हती.

विभागप्रमुख : सूर उतरला होता, सर. एवढं मलाही कळतं.

शिक्षक : उतरला. तो चढवणं माझं काम आहे. तेवढं करू द्या.

विभागप्रमुख : वार्षिक परीक्षेपर्यंत. त्या दिवशी ओळ तुटली, तर मी दम बीम काही ऐकून घेणार नाही, कुणाचाच. आणि त्या पहिल्या वर्षाच्या मुलाची समजूत तुम्हीच घाला. मी किल्लीवाल्याला परत पाठवते.

विद्यार्थिनी : गेल्या.

शिक्षक : तू मला काही बोलणार असशील, तर बोल.

विद्यार्थिनी : तुम्ही ते त्यांना सांगायला नको होतं. आधी मला सांगायचं होतं.

शिक्षक : खरं आहे.

विद्यार्थिनी : चक्कर येऊन पडले असते तरी चाललं असतं. ते वाक्य नाही चाललं.

शिक्षक : रीड सुकली असेल. पाण्यात बुडव.

विद्यार्थिनी : बुडवली. पहिल्यापासून घेऊ?

शिक्षक : पहिल्यापासून. पळालीस तरी पळू दे. त्या जागी आलीस की मी तोंडातून शब्दसुद्धा काढणार नाही.

विद्यार्थिनी : तसं नका करू, सर. काहीतरी बोलत राहा. नाहीतर मला वाटेल, आता तुम्हीच धरलाय.