पूजेला आणलेली फांदी

हॅलो?… हॅलो, कोण, सुलक्षणा? मोठ्याने बोल गं, मशीनच्या आवाजाने कान गेलेत माझे…

हो, हो… माहितीये वटपौर्णिमा आहे ते. नथ घालूनच उभीये मी. कुठे म्हणजे? खाली! बिल्डिंगच्या मागच्या बागेत, वडाच्या पारावर.

नाही, पूजा नाही झाली. पूजा कसली करतेस? झाड तोडायला आलेत!

अगं छाटणी नाही… ऐक ना… छाटणी नाही! आपल्या बाजूच्या फांद्या उतरवून झाल्या, आता बुंध्याला मशीन लावणार होते. मी मध्ये उभी राहिले म्हणून थांबलेत. मुकादम पलीकडे विडी ओढतोय. परवानगीचा कागद मागितला, तर म्हणतो साहेबांकडे आहे.

कुठले साहेब? सांगते. आधी तू मला सांग, तू पूजा कशाची करतेयस वर?

फांदीची. वा! कोणी आणली?

तुझ्या मिस्टरांनी? सकाळी सकाळी? न सांगता? लग्नाला तीस वर्षं होतील, कधी कोथिंबिरीची जुडी आणली का गं त्यांनी? आणि आज वडाची फांदी!

थांब, हसू नको. देठ बघ. चीक गळतोय? ताजा?… पाटाला लागला ना? अगं बाई, ती याच वडाची आहे.

काय म्हणालीस? सगळ्या दारांत वाटल्या? सगळ्या?… अस्सं! म्हणजे बायका घरातच पुजतील, खाली कोणी उतरणारच नाही, आणि दुपारपर्यंत मैदान साफ. काय डोकं आहे! हे डोकं पाण्याच्या टाकीसाठी कधी चाललं नाही सेक्रेटरीसाहेबांचं.

हो, तेच साहेब, तुझे मिस्टरच. मुकादमाने नाव घेतलं, श्यामसुंदर साहेब, बुंध्यापासून काढा म्हणाले. का म्हणजे? तुमची नवी गाडी! पक्षी घाण करतात म्हणे तिच्यावर.

नाही, तुझ्यावर नाही चिडले… चिडलेय, तुझ्यावरपण चिडलेय! ज्याच्याकडे नवऱ्यासाठी आयुष्य मागायचं, त्यालाच कापून पाटावर ठेवायचं आणि वर हळदकुंकू वाहायचं! जरा तरी वाटलं का, ही आली कुठून?

सुलक्षणा, ह्यांचं अर्धं अंग गेलं होतं, आठवतंय ना? फिजिओवाला दमला. घरात चालणार कुठे, सोफा ते फ्रिज? ह्या पाराला धरून धरून चालायला शिकले हे. एक फेरी, की बसायचं. सावली होती म्हणून बसायचे. आता बसवू कुठे त्यांना, तुझ्या गाडीच्या बॉनेटवर? आख्ख्या गल्लीत टॉवर आणि खोदलेला रस्ता, दुसरं आहे काय? कामवाल्या बायका डबा खायला येतात त्या इथेच ना? डिलिव्हरीवाले टेकतात ते? त्यांना कोण विचारणार!

भांडू नको तर काय करू, आरती ओवाळू मुकादमाला?… हो, घाबरलेय. पण उतरले की संपलं.

खिडकीत ये बघू. ये तर… हां. दिसते मी? मलाही दिसतेयस तू. इतकी वर्षं इथून तुझी खिडकी कधी दिसली नव्हती गं. पानंच पानं होती मध्ये.

रडू नको. ऐक, माझं सूत संपलं. अर्ध्या बुंध्यालासुद्धा पुरलं नाही, केवढा घेर त्याचा. मुकादमाची माणसं सूत बघून मागे सरलीत. आजच्या दिवशी सुतावर मशीन चालवायला हात धजत नाही त्यांचा. तुझी सुताची गुंडी आहे ना? टाक खाली.

कोण ओरडतंय मागे? मिस्टर? फोन मागताहेत?… दे. अगं दे ना, मी बोलते!

हॅलो, भाऊजी… हो, शुभाच… नाही उतरणार. पोलीस? बोलवा ना, खुशाल बोलवा, कागद त्यांनाच दाखवा… पक्ष्यांनी घाण केली म्हणून झाड? माझ्या बाल्कनीतून पाणी सांडतं तुमच्या गाडीवर, मला कधी कापताय?… आवाज खाली कशाला करू? सगळ्या खिडक्या उघडल्यात, ऐकू दे सगळ्यांना, फांद्या कुठून आल्या ते!

बायकोला काय विचारता? ती काय बोलणार, तुम्ही बोलू दिलंत तर ना… थांबा, थांबा भाऊजी. जरा मागे वळून बघा…

अगंऽऽ! आली, आली गुंडी! पारावरच पडली… भाऊजी, फोन काय धरून बसलात, ती कुठेय बघा. खिडकीत नाहीये.

जिन्यात?… अनवाणी?

बरं, ठेवते मी. सूत गुंडाळायला दोन्ही हात लागतात.