माशांत बसलेला बेडूक

तारनाक्याला बेडकांवर पीएचडी करणारी आमची पुतणी वैशाली परवा रडकुंडीला आली होती. "काका, माझ्या वंशवृक्षात एक बेडूक माशांत जाऊन बसलाय! उद्या गाइडला दाखवायचंय."

ज्या डीएनएच्या ओळी जुळवून हे झाड काढतात, त्यांचा कागद मी मागितला.

"नक्को काका, ते सॉफ्टवेअरनं जुळवलंय."

मी रेल्वेत तीस वर्षं सीनियॉरिटी लिस्टा पडताळल्या, त्यामुळे असल्या विश्वासाची सवय नाही. उभी फूटपट्टी लावली. "बेडकाची ओळ इथून तीन अक्षरं सरकलीय. तुझं सॉफ्टवेअर मध्ये रिकामी जागा सोडायला विसरलं."

तिनं ओळ नीट जुळवून झाड पुन्हा काढलं, तर बेडूक मुकाट्यानं बेडकांत परतला.

दुसऱ्या दिवशी गाइडनं खूश होऊन विचारलं, "कुठलं सॉफ्टवेअर वापरलंस?"

"रेल्वेचं आहे, सर," ती म्हणाली. "रिटायर्ड."