रविवारची कमाई

मास्तर : टोपी राहू दे. केस कापायला नाही, नुसतं बोलायला आलोय.

सलूनवाला : सलूनमध्ये टोपी घालून? इतके दिवस तोंड दाखवलं नाहीत आणि आता हे! त्या पाटीवर रागावलात ना?

मास्तर : "रविवारची सगळी कमाई आमच्या उमेदवाराला." वाचली आणि दारातूनच मागे फिरलो.

सलूनवाला : अहो, सगळ्या सलूनवाल्यांच्या संघटनेनं ठरवलं. आमच्या धंद्यावरचा कर तो उठवणार म्हणतो. मग मी एकटा कसा मागे राहू? पण तुम्ही येईनासे झालात आणि माझी झोपच उडाली हो. तुमची दोन्ही पोरं याच खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसायची. एका पाटीपायी एवढं जुनं माणूस तुटलं, असं रोज वाटायचं.

मास्तर : रागावलो नव्हतो रे. मलाच तोंड दाखवायची चोरी झाली होती.

सलूनवाला : तुम्हाला? ती कशापायी?

मास्तर : आमची शिक्षक मंडळी समोरच्या उमेदवारासाठी निधी जमवतायत. डबा घेऊन दारोदार मीच फिरतो. म्हटलं, तुला कळलं तर वस्तरा हातात घेऊन काय म्हणशील!

सलूनवाला : म्हणजे मी तुम्हाला घाबरून होतो, आणि तुम्ही मला?

मास्तर : वेडेच आपण दोघे.

सलूनवाला : हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला बघा. काढा आता ती टोपी.

(मास्तर टोपी काढतात.)

सलूनवाला : अरे देवा! हे कुणी केलं?

मास्तर : हसू नकोस. पुलापलीकडच्या सलूनमध्ये गेलो होतो, मागच्या रविवारी.

सलूनवाला : रविवारी? अहो, पाटी तिथेही आहे! संघटना एकच ना आमची!

मास्तर : कुणी ओळखीचं बघेल म्हणून खाली मान घालून आत शिरलो. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं चष्मा काढून ठेवला. शेवटी चष्मा घातला, तर आरशात हे डोकं आणि वर ती पाटी. मग पैसे न देता जातो कुठे?

सलूनवाला : म्हणजे मास्तर आमच्याच उमेदवाराला वर्गणी देऊन आले!

मास्तर : हळू बोल. घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

सलूनवाला : बरं, बसा. कानामागे खड्डाच पाडलाय त्यानं, सावरून देतो.

मास्तर : थांब. आजही रविवारच आहे. मी उद्या येतो.

सलूनवाला : बसा हो. आज तुमच्याकडून पैसे घेतोय कोण? आणा तो चष्मा इकडे.