बायकांनी नेलेली डोली

ऐका. शेकोटीजवळ सरका, आणि मध्ये बोलू नका, मला राग येतो.

आपली वरची कातळवाडी. घराघरावर स्लॅब, घराघरात मोठा टीव्ही. आणि पुरुष किती? दोन. एक आंधळा, एक अंथरुणाला खिळलेला. बाकी सगळे मस्कतला, कतारला. पैसा तिकडून येतो हो, पण रस्ता करायला माणूस नको? डांबरी सडकेवर यायचं तर रानातली पायवाटच.

अशा वाडीत एका रात्री सुगंधाला कळा सुरू झाल्या. मूल आडवं. सुईणीनं हात टेकले. "दवाखाना गाठा, नाहीतर दोन्ही जीव जातील." फोन केला, जीप खाली सडकेवर येऊन थांबली. पण डोली उचलायला चार खांदे आणायचे कुठून?

सुगंधाची सासू म्हणाली, "बाईनं डोलीला खांदा द्यायचा नसतो. रीत नाही आपली."

थोरली सून द्वारका म्हणाली, "रीत पाळणारे विमानात बसून गेले, आई. व्हा बाजूला."

खुर्चीला दोन बांबू बांधले, सुगंधाला बसवलं. चौघींनी खांदा दिला. द्वारका पुढं, कपाळाला बॅटरी बांधून.

आता त्या वाटेवर चकवा. वाट चुकवणारं भूत. डोली तिथं टेकवली की आतलं माणूस त्याचं. म्हणून वाटेत डोली टेकवायची नाही, हे शेंबडं पोरही जाणतं.

चालल्या. काजऱ्याचं झाड मागं पडलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच झाड. पुन्हा चालल्या, पुन्हा तेच झाड. सुगंधा कण्हतेय. मग डोली जड झाली. जड म्हणजे, सुगंधाच्या मांडीवर आणखी कुणी बसावं इतकी जड. मागची रडायला लागली. "टेकवूया गं घटकाभर."

"टेकवलीस तर बघ," द्वारका म्हणाली. आणि तिनं बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला.

तेवढ्यात समोर कोण? तिचा नवरा, दत्ताराम. हातात बॅग, अंगात निळा शर्ट. नऊ वर्षांत माणूस घरी आला नव्हता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"दमलीस गं," तो म्हणाला. "ठेव खाली. मी आलोय ना, मी घेतो."

तिचे गुडघे वाकले. बांबू खांद्यावरून घसरला. आणि बॅटरीचा उजेड त्याच्या डोक्यावर पडला. काळेभोर, दाट केस.

द्वारका खदखदून हसली. "अरे मेल्या, माझ्या माणसाला टक्कल पडलंय! रोज फोनवर बघते मी त्याला. तू नऊ वर्षांपूर्वीचा उचलून आणलास होय? तो गेला तेव्हा रडले, आता नाही रडत. हो बाजूला, अडलेली बाई आहे डोलीत!"

आणि ती सरळ त्याच्यातून चालत गेली. गार वारा लागला अंगाला, बस. पुढं खाली जीपचे दिवे.

पहाटे दवाखान्यात मुलगी झाली. दोन्ही जीव सुखरूप.

महिन्यानं दत्तारामचा फोन आला. "घराला नव्या फरश्या बसवू?"

"फरश्या चुलीत घाल," द्वारका म्हणाली. "तिकडच्या सगळ्यांना सांग, यंदा रस्त्याला पैसे पाठवा."

पाठवले. बायका कामावर उभ्या राहिल्या, रस्ता झाला. परवा त्यावरून माझी लेक रिक्षानं माहेरी आली.

ती जुनी वाट रानानं गिळलीय. तिकडं फिरकू नका. चकवा अजून बसलाय तिथं, बॅग घेऊन, कुणीतरी आपल्यासाठी रडेल म्हणून. बसू दे मेल्याला.