गोल की निमुळती

माझ्या सासऱ्यांची, आप्पांची, ठासणीची बंदूक तुम्ही पाहिली नाहीत. नेसरीला दर दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की आंब्याला टांगलेला नारळ ते त्या बंदुकीने उडवतात. यंदा माझा मेव्हणा बाळू अडून बसला.

"आप्पा, गोल गोळी सोडा आता. निमुळती घाला, सरळ जाती."

"गप रं! माझी गोलच बसती. चुकली तर फुडल्या वर्षापासनं बंदूक तुझी."

त्या वादातच आप्पांनी चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी गजाने ठासली, नेम धरला आणि चाप ओढला. नुसतं टिक् झालं. नारळ जागचा हलला नाही.

"चुकली!" बाळू ओरडला.

"उडालीच न्हाय, तर चुकंल कशी?" आप्पा म्हणाले आणि थबकले. "दारू कुणी वतली?"

कुणीच ओतली नव्हती. गोळीआधी नळीत दारू ओतायचं काम दर वर्षी माझ्या बायकोचं. ती गेल्यानंतरचा हा पहिला दसरा. "तुम्ही बापलेक भांडा, बार माझ्या दारूनं उडतो," असं ती म्हणायची.

आप्पा माझ्याकडे वळले. मग एकदम हसले.

"बाळ्या, तूबी हरलास, मीबी हरलो. औंदाबी पोरगीच जिकली की!"